न्यूरॉनवरचा एकुलता एक केस : सिलिया आणि मेंदू

निळीशाई :
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. मी एका लॅबमध्ये काम करते. उंदराच्या मेंदूचे पातळ काप करायचे, ते काचपट्टीवर चढवायचे, अँटिबॉडी लावून रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे, हे माझं रोजचं काम. सहा वर्षं मी न्यूरॉनच, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशी बघत होते, त्यांचे फाटे, त्यांची टोकं, सिनॅप्स म्हणजे दोन न्यूरॉन एकमेकांशी बोलतात ते सांधे, सगळं. आणि मग एक दिवस एसी३ नावाच्या प्रथिनाला चिकटणारी एक अँटिबॉडी वापरायला मिळाली. काप रंगवला, दिवे बंद केले, डोळा लावला तर निळ्या गोल केंद्रकांच्या बाजूला एक एक लाल बारीक धागा. स्वल्पविरामासारखा थोडा वाकडा. प्रत्येक केंद्रकाशेजारी एकच, दोन नाहीत, झुपका नाही, एकच. मी फोकस वरखाली करत राहिले, जिथे जाईन तिथे तेच. सहा वर्षं हे माझ्या नजरेखालून जात होतं आणि रंग लावला नव्हता म्हणून मला ते दिसलं नव्हतं, हे पचायला मला वेळ लागला.

हाच तो प्रायमरी सिलियम. जाडी एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, पाव हिश्श्याइतकी, लांबी काही मायक्रॉन. आत नऊ जोडनळ्यांचं कडं असतं, त्या नळ्यांना मायक्रोट्यूब्यूल म्हणतात. श्वासनलिकेत धूळ आणि कफ वर ढकलणारे जे हलणारे सिलिया असतात त्यांच्यात या कड्याच्या मधोमध आणखी दोन नळ्या असतात, आणि हलवणारी मोटर प्रथिनं असतात. न्यूरॉनवरच्या या एकट्या केसात मधल्या दोन नळ्या नाहीत, तो हलत नाही. आणि हलत नाही म्हणून कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांनी त्याला उत्क्रांतीत मागे राहिलेला अवशेष समजून सोडून दिलं. १८९८ मध्ये झिमरमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींवर तो व्यवस्थित नोंदवून ठेवला होता, पण तो काय करतो याचा ध्यास घ्यायला पुढचं शतक उलटावं लागलं.

त्याची रचना कळली की मग तो अवशेष वाटत नाही. बुडाशी एक फाटकासारखा भाग असतो, कुठलं प्रथिन आत जाणार, कुठलं बाहेर राहणार हे तिथे ठरतं. आत प्रथिनं बनवायची सोयच नाही, म्हणजे सिलियममधला एकूण एक तुकडा पेशीत तयार होऊन आत वाहून न्यावा लागतो. ही वाहतूक १९९३ मध्ये येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या लॅबने एका हिरव्या शेवाळात पाहिली, क्लॅमिडोमोनास त्याचं नाव, त्याच्या शेपटीत बारीक कण सारखे वर जाताना आणि खाली येताना दिसले. वर न्यायला एक मोटर, खाली आणायला दुसरी. पेशी एवढा खर्च करून जी गोष्ट राखते ती निरुपयोगी कशी असेल? तो पेशीचा अँटेना आहे. बाहेरचे काही ठराविक संदेश झेलणारे रिसेप्टर त्याच्यावर खच्चून भरलेले असतात, आणि आतली जागा इतकी चिमुकली की थोडेसे रेणू आले तरी तिथे मोठा फरक पडतो.

मला या धाग्यात मेंदूबद्दल बोलायचंय. मेंदू घडताना या केसाचा हात असतो आणि घडल्यावरही तो ऐकत राहतो. कुणाला काही माहीत असेल, अनुभव असेल, शंका असेल तर लिहा. माझं चुकलं तर दुरुस्त करा.

रानपाखरू :
वाचतेय. आम्हाला शाळेत याला पक्ष्माभिका म्हणायचे, तेव्हा शब्द पाठ केला पण अर्थ कधी विचारला नाही. आत्ता शोधलं तर पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. आणि लॅटिनमध्ये सिलियम म्हणजे पण पापणी. म्हणजे मराठी शब्द करणाऱ्याने किती विचार करून केलाय बघा. तरी बोलताना सिलियाच बरं पडतं.

निळीशाई :
@रानपाखरू, हे मला माहीत नव्हतं! फार छान. बाय द वे एक असेल तर सिलियम आणि अनेक असले की सिलिया, मी दोन्ही वापरतेय म्हणून सांगून ठेवते.

तळटीप :
चांगला विषय. पण एक गोंधळ आहे, मेंदूत हलणारे सिलिया पण असतात ना? मी वाचलं होतं की मेंदूतलं पाणी तेच फिरवतात.

निळीशाई :
हो असतात, आणि तो इतिहास तर आणखी जुना आहे. मेंदूच्या आत पोकळ्या आहेत, व्हेंट्रिकल म्हणतात, त्यांच्या भिंतींवर एपेन्डायमल पेशींचं अस्तर असतं आणि त्या प्रत्येक पेशीवर हलणाऱ्या सिलियाचा झुपका. पुर्किंये यांनी १८३६ मध्येच ही हालचाल वर्णन केली. या पोकळ्यांमधून जे स्वच्छ पाणी वाहतं, मस्तिष्कमेरुद्रव, ते मोठ्या माणसात एका वेळेला साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवीन तयार होतं, म्हणजे दिवसातून तीन-चारदा सगळं बदलतं.

२०१६ मध्ये गॉटिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी उंदराच्या तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या भिंतीवर चमकणारे बारीक मणी सोडून त्यांचा माग काढला. त्यांना वाटेवाटेचे प्रवाह दिसले, इकडून एक ओढा, तिकडून दुसरा, मध्ये भोवरा, जसा रस्त्यांचा नकाशा. आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे त्यातले काही प्रवाह बदलतात. मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा जेवण विसरले होते. त्याआधी २००६ मध्ये सावामोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पूर्ण वाढ झालेल्या उंदरात नवीन जन्मलेले न्यूरॉन नाकाच्या दिशेने प्रवास करतात ते या सिलियाने तयार केलेल्या प्रवाहाच्या दिशेने. सिलिया बिघडले की त्यांची दिशा चुकते.

गणूचा_भाऊ :
फिजिक्सवाला आहे म्हणून विचारतो. एवढ्या लहान मापावर पाणी मधासारखं वागतं, चिकटपणाच सगळं ठरवतो. तिथे नुसतं इकडून तिकडे सारखंच वल्हवलं तर पुढे ढकललेलं सगळं मागे येणार, फायदा शून्य. मग हे कसं जमतं?

निळीशाई :
अगदी बरोबर पकडलंत. म्हणून त्याचा जाताना आणि येताना आकार वेगळा असतो. ढकलताना सिलियम ताठ असतो, लांब हात करून पाणी लोटतो, आणि परत येताना वाकून पेशीला जवळजवळ घासत येतो. शेजारचे सगळे एकापाठोपाठ एक असं करतात म्हणून शेतावर वाऱ्याची लाट जाते तसं दिसतं.

कंदील :
मी लहान मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर आहे. धागा आवडला. हलणाऱ्या सिलियाबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी कारण पालक नेटवर वाचून घाबरतात. उंदरात हे सिलिया बंद पडले की मेंदूत पाणी साचतं, हायड्रोसेफॅलस, हे वारंवार दिसतं. पण माणसांमध्ये ज्यांचे सिलिया जन्मतः हलत नाहीत, म्हणजे प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया असलेले लोक, त्यांच्यात हायड्रोसेफॅलस क्वचितच होतो. माणसाचा मेंदू मोठा, वाटा रुंद, आणि पाणी पुढे सरकायला हृदयाचे ठोके आणि श्वास यांचा जोर मोठा असतो. भिंतीलगतच्या प्रवाहात सिलियाचा हात आहेच. अपवादही आहेत, फॉक्सजे१ या जीनमध्ये बदल असलेल्या रुग्णांमध्ये हायड्रोसेफॅलस दिसलाय, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा उंदरातलं उचलून सरळ आपल्या मुलावर लावू नका.

तळटीप :
@कंदील धन्यवाद, मी तेच करत होतो.

ओवीची_आई :
मी या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होते. माझ्या मुलीला जुबेर सिंड्रोम आहे. ती आता सात वर्षांची आहे.

ती तीन आठवड्यांची असताना झोपेत तिचा श्वास एकदम भरभर व्हायचा, छाती नुसती लपलप हलायची, जसं खूप धावून आल्यावर होतं तसं, अर्धा-पाऊण मिनिट, आणि मग एकदम शांत. इतकं शांत की मी बोट तिच्या नाकाखाली धरून बसायचे. मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तर पहिल्या ठिकाणी मला सांगितलं की नवीन आई आहात, काळजी करताय, बाळं अशीच श्वास घेतात. दुसऱ्या ठिकाणी सर्दी सांगितली. पाच महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती, आणि एखादी गोष्ट बघायची तर डोळे वळत नसत, ती अख्खं डोकं झटका देऊन वळवायची. तिसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय केला आणि मला स्क्रीनवर दाखवलं, मेंदूच्या मधोमध दाढेसारखा आकार. खरंच दाढ. दोन मुळं असलेली. मी ते चित्र अजून डोळे मिटले की बघू शकते.

माझा प्रश्न आहे की मेंदूचा आजार म्हणाले, मग लगेच किडनीची सोनोग्राफी, डोळ्यांच्या तपासण्या, लिव्हरच्या टेस्ट का लिहून दिल्या? तेव्हा मला वाटलं की आणखी काहीतरी लपवतायत. नंतर रिपोर्टमध्ये सिलिओपॅथी हा शब्द वाचला आणि तेव्हापासून शोधतेय पण सगळं इंग्रजीत आणि अवघड.

निळीशाई :
ओवीची आई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते, वैद्यकीय भाग कंदील ताई सांगतील.

हा केस फक्त मेंदूत नसतो. शरीरातल्या बहुतेक पेशींवर असतो. किडनीतल्या नळ्यांच्या आतल्या पेशींवर एक एक असतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पकडणाऱ्या ज्या पेशी आहेत त्यांचा प्रकाश पकडणारा अख्खा भागच एक बदललेला सिलियम आहे, आणि तिथे रोज साधारण दहावा हिस्सा नव्याने बांधावा लागतो, आणि तो सगळा माल एका अरुंद मानेतून पलीकडे न्यावा लागतो. त्यामुळे सिलियमचा एखादा भाग चुकीचा बनत असेल तर मेंदू, किडनी, डोळा, लिव्हर हे चार वेगळे आजार नसतात, एकच बिघाड चार ठिकाणी दिसतो. सिलियाच्या बिघाडाने होणाऱ्या अशा आजारांनाच सिलिओपॅथी म्हणतात. हा दुवा लागला तो पण त्या शेवाळामुळेच. २००० मध्ये कळलं की शेवाळाची शेपटी बांधायला जो जीन लागतो त्याच जीनमधल्या बिघाडाने उंदराच्या किडनीत पाण्याच्या गाठी होतात. तोवर या दोन गोष्टींचा संबंध लावायचं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

आता मेंदू. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू आधी एक नळी असते. त्या नळीच्या खालच्या बाजूने सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन पसरतं, जवळच्या पेशीला जास्त मिळतं, लांबच्या पेशीला कमी, आणि किती मिळालं त्यावरून पेशी ठरवते की आपण कुठल्या प्रकारचा न्यूरॉन व्हायचं. २००३ मध्ये कॅथरीन अँडरसन यांच्या लॅबला उंदराचे असे गर्भ सापडले ज्यांना हा संदेश ऐकूच येत नव्हता, आणि बिघडलेले जीन बघितले तर ते सिलियममधल्या वाहतुकीचे निघाले. दोन वर्षांनी कळलं की हेजहॉगचा संदेश आला की स्मूदन्ड नावाचं प्रथिन सिलियममध्ये शिरतं आणि तिथून पुढची साखळी चालू होते. संदेश ऐकण्याची जागाच तो केस आहे. केस नीट नाही तर पेशीला आपण कुठे आहोत हे नीट कळत नाही. याच कारणाने काही सिलिओपॅथीत हातापायाला जास्तीचं बोट येतं, कारण बोटं किती हे पण हेजहॉगच ठरवतं.

लहान मेंदूत तर याचा प्रचंड वापर आहे. तिथल्या चिमुकल्या ग्रॅन्यूल पेशी जन्माच्या आसपास हेजहॉग ऐकतच भराभर वाढतात.

कंदील :
दाढ का दिसते ते मी सांगते. लहान मेंदूच्या मधला पट्टा, व्हर्मिस, तो जुबेरमध्ये लहान राहतो. आणि लहान मेंदूकडून वर जाणारे जे दोन जाड दोर असतात ते एरवी मध्ये एकमेकांना ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात. जुबेरमध्ये ते नीट ओलांडत नाहीत, सरळ आणि जाड राहतात, मध्ये खोल खाच पडते, म्हणून आडव्या कापात दाढ. श्वासाचं आणि डोळ्यांचं नियंत्रण ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात आहे, त्याची घडण पण बदललेली असते, म्हणून तुम्ही पाहिलंत तो श्वास. तो बहुतेक मुलांमध्ये वयाबरोबर कमी होतो. मेरी जुबेर यांनी १९६९ मध्ये माँट्रिअलमध्ये हा आजार पहिल्यांदा लिहिला तेव्हा एमआरआय नव्हता, त्यांनी मुलांकडे बघूनच ओळखलं होतं.

तुमच्या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, त्यांनी बरोबर केलं. किडनीचं दुखणं बऱ्याचदा पहिली काही वर्षं मुकाट असतं, मूल जास्त पाणी पितं, जास्त लघवी करतं एवढंच दिसतं, म्हणून किडनी, लिव्हर, डोळे दरवर्षी बघायचे. आतापर्यंत ३५ हून जास्त जीन सापडलेत, आणि कुठला जीन आहे त्यावर किडनीचा धोका जास्त की डोळ्याचा हे बरंच अवलंबून असतं. म्हणून जीनची तपासणी झाली असेल तर रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा. आणि कधीही भूल द्यायची वेळ आली, अगदी दाताच्या कामासाठी सुद्धा, तर भूलतज्ज्ञांना आधी जुबेर आहे हे सांगा, या मुलांचा श्वास काही औषधांनी लवकर मंदावतो.

एक विचारू? जीनचा रिपोर्ट आला तेव्हा तुम्हाला कुणी बसवून समजावलं का?

ओवीची_आई :
नाही. कागद दिला. मी आणि तिचे बाबा दोघंही वाहक आहोत एवढं त्यात लिहिलं होतं. घरी किती बोलणं झालं, कुणाच्या घराण्यातून आलं वगैरे.

कंदील :
दोघांकडूनही आलं, आणि दोघांचीही चूक नाही. बहुतेक प्रकारांत आई आणि बाबा दोघांकडे त्या जीनची एक एक बिघडलेली प्रत असते आणि एक चांगली असते, चांगलीच्या जोरावर दोघं पूर्ण निरोगी असतात. दोन्ही बिघडलेल्या एकत्र आल्या तरच आजार. प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक, दरवेळी नव्याने. फक्त एक प्रकार एक्स क्रोमोसोमवरून येतो, त्याचं गणित वेगळं. घरात जे बोललं गेलं ते मनातून काढून टाका ताई, अशा बिघडलेल्या प्रती आपल्या सगळ्यांकडेच काही ना काही असतात, बोलणाऱ्यांकडे पण.

साधीमाणसं :
वरचं वाचून माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. त्याला लहानपणी दोन्ही पायांना सहा बोटं होती, ऑपरेशन करून काढली, विषय संपला. मग तो जाड होत गेला. सतत भूक. रात्री उठून डबे उघडायचा, मावशीने स्वयंपाकघराला कुलूप लावलं होतं. शाळेत शिक्षक सगळ्यांसमोर बोलायचे, याला लाज नाही, जिभेवर ताबा नाही. आठवीत संध्याकाळी सायकल खड्ड्यात घातली तेव्हा कळलं की त्याला अंधारात दिसतच नाही. बारा-तेरा वर्षं बोटं, वजन, डोळे या तीन वेगवेगळ्या फाइली होत्या. बार्डेट-बीडल सिंड्रोम हे नाव त्याला विसाव्या वर्षी मिळालं. तो मला म्हणाला होता, दादा, मला भूक लागायची ती खरी होती, कुणी विश्वासच ठेवला नाही. त्याची भूक पण या सिलियातून येते का?

निळीशाई :
हो. आणि त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

२००७ मध्ये एक प्रयोग झाला, पूर्ण वाढ झालेल्या उंदरांमधले सिलिया जीनची करामत करून काढून टाकले. ते उंदीर जाड झाले. मग त्यांना नेमकं तेवढंच खायला दिलं जेवढं बाकीचे खातात, तर ते जाड झाले नाहीत. म्हणजे शरीर चरबी साठवत होतं म्हणून नाही, त्यांना पोट भरल्याचं कळतच नव्हतं. फक्त काही न्यूरॉनवरचे सिलिया काढले तरी तेच झालं. मग २०१८ मध्ये ख्रिश्चन वैस यांच्या लॅबने नेमकी जागा दाखवली. हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या मेंदूच्या तळाकडच्या भागात, एमसी४आर नावाचा रिसेप्टर आहे, पोट भरलं हा निरोप घेणारा. तो त्या न्यूरॉनच्या सिलियमवर बसलेला असतो. माणसात एका जीनच्या बदलामुळे येणाऱ्या लठ्ठपणात याच रिसेप्टरमधले बदल सगळ्यात जास्त आढळतात, आणि त्यातले काही बदल असे आहेत की रिसेप्टर तयार होतो पण सिलियमपर्यंत पोचत नाही. पत्रपेटी तयार आहे, पण ती दारात लावलेलीच नाही.

बार्डेट-बीडलमध्ये बिघडतात ती प्रथिनं सिलियममध्ये सामान आणणारी-नेणारी आहेत. त्यामुळे भूक, पडदा, बोटं, किडनी, सगळं एकाच दोरीला. २०२२ मध्ये अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने सेटमेलॅनोटाइड हे रोज घ्यायचं इंजेक्शन या आजारातल्या लठ्ठपणासाठी मान्य केलं, ते एमसी४आरलाच चालना देतं. आजार बरा होत नाही, डोळ्यांना उपयोग नाही, पण भूक कमी होते. त्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

साधीमाणसं :
हा प्रतिसाद मावशीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. नंतर त्याला फोन लावला तिने.

गणूचा_भाऊ :
मग साध्या माणसाचं काय? म्हणजे वयाबरोबर पोट सुटतं त्यात पण हे आहे का?

निळीशाई :
त्यावर २०२४ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातून काम आलंय, उंदीरवर्गातल्या रॅटवर. एमसी४आर असलेले सिलिया वयाबरोबर आखूड होत जातात, चरबीयुक्त खाणं दिलं तर जास्त लवकर, आणि खाणं मर्यादित ठेवलं तर सावकाश. बाकीच्या न्यूरॉनवरचे तसे आखूड झाले नाहीत. मला तो पेपर फार आवडला. पण ते रॅट आहेत, माणसाबद्दल त्यावरून ठरवता येणार नाही.

टवटवीत :
मी एका ठिकाणी सिलिया वाढवणारं सप्लिमेंट बघितलं, मेंदूला चालना म्हणून विकतायत. घ्यावं का?

कंदील :
नका घेऊ. असं कुठलंही सप्लिमेंट माणसात काम करतं हे दाखवलेलं नाही. आणि लांब सिलियम म्हणजे चांगला सिलियम हे गृहीतच चूक आहे. लहान मुलांच्या लहान मेंदूत होणारा एक कॅन्सर आहे, मेड्युलोब्लास्टोमा. त्याच्या एका प्रकारात हेजहॉगचा संदेश न थांबता चालू राहतो. उंदरावर पाहिलं तर बिघाड साखळीच्या सुरुवातीला असेल तर सिलियम काढला की गाठ वाढत नाही, आणि बिघाड साखळीच्या शेवटाकडे असेल तर सिलियम काढल्यावर ती वाढते. एकच केस एकीकडे घात करतो, दुसरीकडे राखण. असल्या गोष्टीत बाटलीतल्या गोळ्यांनी हात घालू नये.

तळटीप :
एक बेसिक प्रश्न. न्यूरॉनला संदेश घ्यायला सिनॅप्स आहेत की हजारो. मग वेगळा अँटेना कशाला?

निळीशाई :
मला वाटतं हाच सगळ्यात रसाळ प्रश्न आहे. बराच काळ समजूत अशी होती की सिनॅप्सवर वेगवान बोलणं होतं आणि सिलियम आजूबाजूला तरंगणारी रसायनं सावकाश हुंगतो. २०२२ मध्ये डेव्हिड क्लॅफम यांच्या लॅबने हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागात, सिलियमवर थेट येऊन टेकलेला सिनॅप्स दाखवला. सेरोटोनिन हे रसायन सोडणारा अ‍ॅक्सॉन, म्हणजे दुसऱ्या न्यूरॉनचा लांब फाटा, सरळ सिलियमला भिडलेला. हे आधी का दिसलं नाही? कारण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या एका पातळ कापात सिलियम आडवा कापला गेला की नुसता गोल ठिपका दिसतो, आणि आजूबाजूला तसे हजार ठिपके. त्यांनी आयन बीमने थर थर खरवडत प्रत्येक थराचा फोटो घेतला आणि मग अख्खा धागा जुळवला. मी स्वतः असे ठिपके किती वेळा बघून पुढे गेले असेन.

आणि त्या सिनॅप्समधून आलेला निरोप न्यूरॉनला लगेच विजेचा झटका द्यायला सांगत नाही, तो केंद्रकाकडे जातो. सिलियम केंद्रकाच्या जवळच उगवतो ना. तिथे डीएनएची गुंडाळी काही जागी सैल होते, कुठले जीन वाचले जाणार ते बदलतं. सिनॅप्स या क्षणाचं बोलणं करतो आणि हा पुढच्या काही काळासाठी पेशीचा स्वभाव थोडा फिरवतो, असं मी समजते.

अजून एक, २०२३ चं. मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ ज्या न्यूरॉनच्या गठ्ठ्यात आहे तिथले सिलिया दिवसभरात वाढतात आणि आखडतात, चक्राप्रमाणे. उंदरात ते सिलिया काढले आणि मग दिव्याची वेळ बदलली तर ते उंदीर नव्या वेळेला फार पटकन रुळले, जेट लॅग जवळजवळ नाहीच. कारण सिलियाच त्या पेशींना एका तालात बांधून ठेवतात, ताल सैल झाला की घड्याळ कुणीही ढकलावं.

रानपाखरू :
माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन आहे, एलआरआरके२ लिहून आलंय रिपोर्टमध्ये. या नावाबरोबर सिलिया शोधताना दिसलं होतं म्हणून खरं तर मी हा धागा उघडला होता.

निळीशाई :
आहे संबंध. एलआरआरके२ या जीनमधल्या त्या बदलाने एक एन्झाइम गरजेपेक्षा जास्त चालतं, आणि त्यामुळे काही पेशींना सिलियम बनवायला अडथळा येतो. २०१८ मध्ये सुझान फेफर आणि डारिओ अलेसी यांच्या लॅबनी दाखवलं की स्ट्रायटम या हालचालींशी जोडलेल्या मेंदूच्या भागातल्या एका ठराविक प्रकारच्या न्यूरॉनवरचे सिलिया कमी झालेले असतात. पार्किन्सनमध्ये जे मरत जातात ते डोपामाइनवाले न्यूरॉन अडचणीत आले की हेजहॉग पाठवतात, आणि हे शेजारी त्याला उत्तर म्हणून त्यांना जगवणारी प्रथिनं देतात. सिलियम नाही म्हणून हाक ऐकू येत नाही, मदत जात नाही. २०२५ मध्ये त्यांनी तसा बदल असलेल्या उंदरांना ते एन्झाइम दाबणारं औषध दिलं. दोन आठवड्यांत काही फरक नाही. तीन महिने दिलं तर सिलिया परत आले. मोठ्या, विभाजन थांबलेल्या न्यूरॉनवर नवीन सिलियम उगवतो हेच मला धक्का देणारं होतं. माणसातल्या चाचण्यांचं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा, मी उंदरापुरतंच बोलू शकते.

रानपाखरू :
विचारते. पुढच्या महिन्यात तारीख आहे.

ओवीची_आई :
परत आले. मागच्या महिन्यात एका संशोधनासाठी ओवीच्या दंडाची त्वचा घेतली, तांदळाएवढा तुकडा. त्यात ते काय बघणार? ओवीने कालपासून पिच्छा पुरवलाय. मी तिला सांगितलं की तुझ्या प्रत्येक पेशीवर एक केस असतो, तर ती म्हणाली माझ्या पेशींवर आहे का, की नाहीच?

निळीशाई :
तिला सांगा, त्या तुकड्यातल्या पेशी गुलाबी पाण्यात वाढवतात. त्या पाण्यात सीरम असतं, म्हणजे त्यांचं खाणं. पेशी वाढत असतात, एकीच्या दोन होत असतात तोवर त्यांना केस नसतो, कारण त्याच्या बुडाशी जो खांब लागतो तोच पेशीला दुभंगताना लागतो, एका वेळी एकच काम. मग सीरम काढून घेतात. एक-दोन दिवसांत पेशी वाढायच्या थांबतात, तो खांब वर सरकतो आणि त्याच्यावर केस उगवतो. मग रंग लावून बघतात किती पेशींना आला, किती लांब, आणि आतलं सामान नीट पोचलंय का.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर, जुबेरमध्ये बऱ्याचदा केस असतो. बुडाजवळच्या त्या फाटकात गडबड असते, आत यायला हवं ते काही बाहेर राहतं. मी तिच्या पेशी पाहिलेल्या नाहीत, पण बऱ्याच मुलांच्या पेशींत केस दिसतो.

ओवीची_आई :
सांगितलं. तिने लगेच कागद घेतला, गोल काढला, गोलावर एक केस काढला, आणि केसाच्या खाली दार. दार थोडं उघडं ठेवलंय.